डिस्क बदलली त्या उन्हाळ्यात

माझा लॅपटॉप चालू व्हायला अकरा मिनिटं घ्यायचा. यात अतिशयोक्ती नाही. बटण दाबायचं, कुकर लावायचा, तीन शिट्ट्या होऊन गॅस बंद केला की कुठे पासवर्ड मागणारा पडदा समोर यायचा. पासवर्ड दिला की पुन्हा ते निळं वर्तुळ गरगरत बसायचं आणि खालून हार्ड डिस्कची टकटक ऐकू यायची. त्या वेळात कुठेही बोट लावायचं नाही, हा मी स्वतःला घालून दिलेला नियम होता. एक बटण जरी जास्त दाबलं गेलं तरी यंत्र जे गोठायचं ते थेट बंद करून पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी दाबायची आणि उठायची. कपड्यांच्या घड्या घालायची, तांदूळ निवडायची, वह्या तपासायची. दाबलं की उठायचं, हे माझ्या पायांत इतकं मुरलं होतं की त्याचा वेगळा विचार मी करतच नसे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लॅपटॉप मी हौसेने घेतला होता, आमच्यात कुणाकडे नव्हता तेव्हा. त्या हौसेची शिक्षा अशी झाली, की आजूबाजूच्या दहा-बारा शाळांच्या आमच्या केंद्रात मला सगळ्यांनी मिळून ‘तंत्रस्नेही शिक्षिका’ करून टाकलं. शब्द कानाला गोड आहे. अर्थ एवढाच, की मुलांची आधारची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराचे आकडे, जे जे ऑनलाइन ते ते हिच्या गळ्यात मारा. ‘मॅडम, तुम्हाला काय, दोन मिनिटांचं काम.’ दोन मिनिटांत माझा लॅपटॉप डोळेसुद्धा उघडत नाही, असं मी सांगायची आणि मंडळी हसायची. पण खरं सांगते, त्या मंद यंत्राने मला पुष्कळ वाचवलं. ‘मशीन हँग आहे हो’ म्हटलं की निम्मे लोक दारातूनच परत जायचे.

राहायला मी डहाणूजवळ सरावलीला, आणि शाळा तलासरी तालुक्यात, झरीच्याही पुढच्या एका पाड्यावर. सकाळी सरावलीहून डहाणू स्टेशन, तिथून एसटीने चारोटी, चारोटीला हायवेवर उभं राहून मिळेल त्या जीपने तलासरी, तलासरीहून शेअर रिक्षाने झरी, आणि शेवटची पंचवीस मिनिटं चालत. संध्याकाळी हेच सगळं उलट. २०१४ मध्ये पालघर हा नवा जिल्हा झाला तेव्हा आता सगळं जवळ येणार असं लोक म्हणत होते. माझी शाळा होती तिथेच राहिली. पाड्यावरची मुलं मला आवडायची, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर कुणाला वाटेल मला शाळेचा कंटाळा होता. कंटाळा रस्त्याचा होता. आणि रस्त्याहून जास्त, आपण इथे जीपमध्ये दाबून बसलोय तेव्हा घरी काय चाललं असेल या विचाराचा.

घरी आई होती. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, भावाचं बिऱ्हाड वापीला, मी लग्न केलेलं नाही. २०१५ पासून आई विसरायला लागली. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग आमटीत मीठ घातलं की नाही ते, मग वार. एकदा ती चालत चालत पार रेल्वे फाटकापर्यंत गेली आणि वाडीत चिकू काढणाऱ्या बायकांनी तिला हाताला धरून घरी आणलं. त्यानंतर मी सकाळी निघताना दाराला बाहेरून कडी लावायला लागले. शेजारच्या काकू अधूनमधून खिडकीतून हाक मारायच्या. त्यांचे गुडघे गेलेले, आमचा ओटा चढणं त्यांना जमत नसे. आईला त्या कडीचं काही वाटत नव्हतं. मला वाटायचं.

त्याहून वाईट होतं ते जेवणाचं. मी भात, आमटी, भाजी वाढून ताट झाकून ठेवायची. संध्याकाळी सातला घरात पाऊल टाकावं तर ताट तसंच झाकलेलं. भूक तिला लागायची, पण समोरचं झाकण उचलायचं हे सुचायचं नाही. काकूंनी खिडकीतून सांगितलं तर म्हणायची, ‘मुलगी आली की जेवीन.’ हाताने भरवलं की मात्र मुकाट्याने सगळं खायची. कामाला बायका ठेवून पाहिल्या. दोघींना तिने चोर ठरवून पळवून लावलं. तिचं वजन इतकं उतरलं की तिचे ब्लाउज मला वर्षात दोनदा आत घ्यावे लागले. मला जगात एकच गोष्ट हवी होती. दुपारच्या सुट्टीत घरी येऊन आईला चार घास भरवता येतील अशी शाळा.

अशी शाळा होती, घरापासून चालत दहा मिनिटांवर. तिथले एक गुरुजी २०१८ च्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते, आणि त्याच उन्हाळ्यात बदल्यांचे ऑनलाइन फॉर्म निघाले. पद्धत अशी, की आपल्याला हव्या असलेल्या वीस शाळा पसंतीच्या क्रमाने निवडायच्या, शेवटी ‘सादर करा’ हे बटण दाबायचं, मग मोबाइलवर आलेला सहा आकडी कोड त्या पानावर भरायचा. कोड भरला की फॉर्म गेला. ज्याची नोकरी जास्त त्याला आधी शाळा. माझी अठरा वर्षं झाली होती आणि त्या शाळेसाठी माझ्या पुढे कुणी नाही, हे मी चार ठिकाणी विचारून पक्कं केलं होतं.

अडचण होती ती लॅपटॉपची. साइटवर दहा मिनिटं काही हालचाल झाली नाही की ती आपल्याला बाहेर काढायची, आणि माझ्या यंत्रावर शाळांची यादी उघडायलाच बारा मिनिटं लागायची. म्हणजे यादी दिसेपर्यंत मी बाहेर. तीन दिवस मी हाच उद्योग केला. सायबर कॅफेत जावं तर तिथे ही गर्दी, आणि आईला घेऊन बसायचं कुठे? चौथ्या दिवशी वैतागून लॅपटॉप पिशवीत घातला, आईला रिक्षात बसवलं आणि डहाणू स्टेशनजवळचं दुरुस्तीचं दुकान गाठलं.

दुकानदार पन्नाशीचा, घरी गुजराती आणि गिऱ्हाइकाशी मराठी बोलणारा. त्याने लॅपटॉप उलटा केला, बारीक स्क्रू काढून एका वाटीत ठेवले आणि खालचं झाकण उचललं. पंख्यापाशी साचलेली पांढरी पूड टेबलावर सांडली.

‘मॅडम, मशीनला पावडर लावता की काय?’

‘खडू आहे तो,’ मी म्हटलं. ‘वर्गात असतो लॅपटॉप.’

त्याने फुंकर मारली, ब्रश फिरवला, मग कानाशी धरून टकटक ऐकली. ‘मशीन बराबर आहे. डिस्क थकली. आत एक तबकडी फिरते ने, ती म्हातारी झाली. नवीन एसएसडी टाकतो, तिच्यात फिरणारं कायच नाय. जुनं सगळं जसंच्या तसं तिच्यावर उतरवून देतो. चालेल ने?’

‘माझं काही जाणार नाही ना त्यात?’

‘एक अक्षर नाय जाणार. पण चार तास लागतील.’

ते चार तास मला आजही आठवतात, कारण त्या वर्षात मी एवढा वेळ काही न करता कधी बसले नव्हते. समोरच्या हॉटेलात आम्ही दोघी पंख्याखाली बसलो. आईला इडली कुस्करून भरवली. बाजूच्या टेबलावरची माणसं बघत होती, बघू दे म्हटलं. आईने दोन इडल्या संपवून तिसरी मागितली. तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, ‘आई, माझी शाळा आता घराजवळ येणार आहे. रोज दुपारी मी घरी येईन, अशी भरवीन.’ तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, ‘मग तुझ्यासाठी पण टाकत जा भात. उपाशी राहतेस.’ कित्येक महिन्यांत ती माझ्याशी इतकं सरळ बोलली नव्हती. मी उठून बिल द्यायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

परत आलो तेव्हा दुकानदाराने आमच्यासमोर बटण दाबलं. मी सवयीने खुर्चीवरून उठले. उभी राहते न राहते तोच पासवर्डचा पडदा समोर हजर. तो हसला. ‘बसा मॅडम. आता उठायला टाइम नाय भेटणार तुम्हाला.’ जुनी डिस्क त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिली. हातावर घेतली तर नुसती एक चपटी डबी, आणि सहा वर्षं हिने माझा जीव खाल्ला होता.

लॅपटॉप पळायला लागला ही बातमी केंद्रात पसरायला दोन दिवस पुरले. आता ‘मशीन हँग आहे’ म्हणायची सोय उरली नाही. पुढच्या रविवारी घरात सात जण. कुणी चिकू आणले, कुणी आंबे, एका गुरुजींनी तर मला आवडतो म्हणून सुका बोंबील आणला आणि आईने तो लगेच उशीखाली लपवला. एकेक जण माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायचा, मी शाळा भरायची, बटण दाबायची, आणि त्याचा मोबाइल वाजला की तो आकडे मोठ्याने वाचून दाखवायचा. नाही म्हणायला मला जमत नाही. पाठ भरून आली तरी मी हसून ‘पुढचे या’ म्हणत होते.

त्या सात जणांत शेजारच्या पाड्यावरच्या शाळेतली एक तरुण शिक्षिका होती. बोईसरला सासर, नोकरीला पाचच वर्षं झालेली. तिला बोईसरच्या बाजूची शाळा हवी होती. तिच्या एकोणीस शाळा झाल्या, विसावी सुचेना, आणि वीस पुऱ्या केल्याशिवाय साइट पुढे सरकू देईना. मीच म्हटलं, ‘आमच्या इथली टाक. मिळणार नाही तुला, तिथे मी जाणार आहे. पण वीस तरी होतील.’

‘मॅडम, तुमची शाळा कशाला? बरं नाही वाटत.’

‘अगं, यादी पुरी करायचीय फक्त,’ असं म्हणत मी स्वतःच्या हाताने ते नाव निवडलं.

सगळ्यांचं आटपलं आणि माझं राहिलं. आपलं काम शेवटी ठेवायची ही खोड मला घरातूनच लागलेली आहे. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी बसले. मोबाइल खिडकीत ठेवला, कारण आमच्या घरात रेंज तेवढ्या एका जागी येते, आणि इंटरनेट मोबाइलवरूनच घ्यायचं होतं. पहिल्या क्रमांकावर घराजवळची शाळा, मग बाकीच्या एकोणीस. यादी सेव्ह केली, तिची प्रत उतरवून ठेवली. पुन्हा एकदा वाचली. देवाचं नाव घेऊन ‘सादर करा’ दाबलं. आणि उठले.

मला कुणी हाक मारली नव्हती, दूध उतू जात नव्हतं. दाबलं म्हणून उठले. आईच्या जेवणाची वेळ झालीच होती, तिला स्वयंपाकघरात बसवून वरणभात भरवायला घेतला. पलीकडच्या खोलीत खिडकीत मोबाइल टिंग करून वाजला. मी खुशीत आईला म्हटलं, ‘गेला बघ फॉर्म.’ तिने घास तोंडात ठेवून मान हलवली. जेवण, पाणी, तोंड पुसणं, सगळं मिळून अर्धा तास गेला. परत येऊन पाहिलं तर पडद्यावर साइटचं पहिलं पान होतं. बाकीच्यांचे फॉर्म गेल्यावरही शेवटी हेच पान यायचं. झालं म्हणून मी लॅपटॉप मिटला. त्या दुपारी मी अर्धा तास आडवीसुद्धा झाले.

दुसऱ्या दिवशी उतरवून ठेवलेली प्रत छापून केंद्रप्रमुखांकडे दिली. त्यांनी शाळा वीस आहेत का ते मोजलं आणि सही केली. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘अपूर्ण’ असं छापलेलं होतं. ते त्यांनी पाहिलं नाही आणि मीही नाही.

शाळा उघडायच्या आधी मोबाइलवर बदल्यांची यादी आली. मी माझं नाव शोधत तीनदा वरपासून खालपर्यंत गेले. नव्हतं. मग शाळेच्या नावाने शोधलं. घराजवळच्या त्या शाळेसमोर बोईसरच्या त्या मुलीचं नाव होतं. बोईसरकडच्या एकोणीसच्या एकोणीस शाळा तिच्याहून जुन्या लोकांना गेल्या होत्या आणि विसावी तिला लागली होती. मी ती पसंती टाकली तेव्हा ती संकोचाने ओढणीशी चाळा करत होती, तो हात माझ्या डोळ्यांसमोर आला.

कार्यालयात फोन केला तर पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, ‘बाई, तुमचा फॉर्म आलेलाच नाही. पुढच्या वेळी भरा.’ मी त्याच्याशी भांडले. प्रत आहे माझ्याकडे, म्हटलं. त्याने कोपऱ्यात काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. फोन ठेवून मी मोबाइलमधले जुने संदेश उघडले. सुप्रभात, शुभ सकाळ, सभेची सूचना, कुणाचा तरी वाढदिवस, आणि त्या ढिगाखाली तो. न वाचलेला. सहा आकडे, आणि दहा मिनिटांत वापरा अशी सूचना. म्हणजे नव्या डिस्कने बटण दाबताच दोन सेकंदांत माझ्यापुढे कोडची चौकट आणून ठेवली होती. दहा मिनिटं ती माझी वाट बघत होती. मी दहा पावलांवर होते, पाय जुन्या डिस्कच्या सवयीने उठलेले. बाकीच्यांचे आकडे ते स्वतःच वाचून दाखवायचे; माझे वाचणारं शेजारी कुणी नव्हतं, आणि ती टिंग मला फॉर्म गेल्याचीच वाटली.

राग कुणावर काढणार? दुकानदाराने काम चोख केलं होतं. साइटनेही तिचं काम केलं होतं. माझीच चूक, ती मी मान्यही केली. पण मान्य केल्याने रस्ता कमी होत नाही. जूनमध्ये पुन्हा चारोटी, पुन्हा हायवे, पुन्हा झाकलेलं ताट.

ती मुलगी पहिल्याच आठवड्यात पेढे घेऊन आली. मला तिचा राग आला. नाही आला असं उगाच सांगत बसत नाही. पेढा मी खाल्ला, तोही कडू लागला. तिला सगळं कळल्यावर ती रडायलाच लागली. ‘मॅडम, मी नको म्हणून लिहून देते.’ तसं काही करता येत नाही हे तिलाही माहीत होतं. मग डोळे पुसून म्हणाली, ‘मी दुपारच्या सुट्टीत येत जाईन आईंकडे. दहा मिनिटांचं तर अंतर आहे. मी भरवीन.’

‘काही नको,’ मी तुटकपणे म्हटलं. ‘परक्या बाईच्या हातचं ती खात नाही. तुलाही चोर म्हणेल.’

मला तसंच व्हायला हवं होतं, हेही लिहून टाकते.

ती तरीही गेली. सोमवारी दुपारी कडी काढून आत गेली. साडी, खांद्याला पर्स, गळ्यात शाळेचं ओळखपत्र. आईने तिला चोर म्हटलं नाही. ताटावरचं झाकण काढून तिने घास पुढे केला आणि आईने तोंड उघडलं. संध्याकाळी येऊन पाहते तर ताट धुऊन पालथं घातलेलं. मी ते ताट हातात घेऊन कितीतरी वेळ उभी होते. त्या पावसाळ्यात आईचं अंग भरलं. गाल वर आले. डॉक्टरांनी विचारलं, कसलं औषध चालू केलंत? ‘दुपारचं जेवण,’ मी एवढंच म्हटलं. त्या मुलीला मात्र मनापासून दुवा दिला, आधीचा राग पोटात ठेवूनच.

दिवाळीनंतर शाळा सुरू झाल्यावरची एक संध्याकाळ. जीप वाटेत बंद पडली होती, यायला नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त लागला. आई पलंगावर बसली होती. केस विंचरलेले, स्वच्छ लुगडं, कपाळ पुसलेलं. मला पाहून ती जरा सावरून बसली आणि तिने पदर नीट केला.

‘या,’ म्हणाली. ‘कोण पाहिजे तुम्हाला?’

‘आई, मी गं.’

तिने माझ्याकडे पाहिलं, ओळखीचं हसू आणायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. ‘माझी मुलगी शाळेत असते,’ ती म्हणाली. ‘शिक्षिका आहे. दुपारी येते, मला भरवते आणि जाते. आत्ता नाही भेटायची ती.’

मी चपला काढून दाराशी ठेवल्या.

‘लांबून आलात वाटतं,’ तिने विचारलं.

‘हो,’ मी म्हटलं. ‘झरीच्या पुढून.’

‘मग बसा की. उद्या दुपारी या, भेटेल ती तुम्हाला. फार गुणाची आहे माझी मुलगी.’

मी पर्स खाली ठेवली आणि पाहुणीसारखी तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसले.